पाचोऱ्यातली करडी घरे

१० एप्रिल १९२१, रविवार. पाचोरे

धुळ्याहून संपादकांचे कार्ड आले. "राजकीय मजकूर सध्या आवरता घ्यावा. काही निरुपद्रवी पाठवावे. आपल्या गावी जुन्या घरांना करडा रंग देण्याची टूम निघाली आहे असे कळते, तिजविषयी लोकमत चालेल."

बावीस वर्षे संस्कृत शिकवले, पाठशाळा बंद पडली, दोन वर्षांपूर्वी बिऱ्हाड घेऊन या गावी वार्ताहर झालो, तो भिंतींची बातमी द्यायला. असो. निरुपद्रवी म्हटल्यावर संपादकांना माझीच आठवण यावी यात त्यांचा दोष नाही.

टुमेचा इतिहास लहानसा आहे. इंजिनांची राख स्टेशनाच्या कडेला ढिगाने पडते. झुलाल गवंड्याने ती फडक्यातून गाळून चुन्यात कालवली आणि रतिलालशेठच्या कापसाच्या जिनाच्या जुन्या कचेरीला लावून पाहिली. कचेरी एका दिवसात स्टेशनमास्तरच्या बंगल्यासारखी दिसू लागली. मग काय, ज्याच्या घराची डागडुजी निघाली तो राखेची पाटी घेऊन उभा. आजपर्यंत अकरा घरे.

रतिलालशेठ म्हणाले, "शास्त्रीजी, मळ दिसत नाही. पांढऱ्या भिंतीला दरसाल चुना, हिच्याकडे पाच वर्षं बघायला नको." वैद्यांच्या मते डोळ्यांना थंड. आमच्या सौ.चे मत असे: "राख चुलीत असते नाहीतर नदीवर असते. भिंतीला कशाला?" मी स्वतः कोणत्याच बाजूला नाही. करडा रंग पांढऱ्याला दुखवत नाही, काळ्याला दुखवत नाही. वार्ताहरांनी अंगरख्याला लावावा इतका सोयीचा आहे.

१४ एप्रिल, गुरुवार

बारावे घर! आणि तेही आमच्या समोरचे.

चुडामण पाटील साठीचे, कापूसवाले शेतकरी, बोलण्यात काटकसरी. त्यांचे घर म्हणजे या गल्लीचे एकुलते एक सौंदर्य. नीळ घातलेल्या चुन्याच्या भिंती, पूर्वेच्या दाराच्या दोन्ही अंगांना एकेक लाल घोडा, समोर कडुनिंब. घोडे मुलाच्या लग्नात काढलेले. हा मुलगा निंबा मी पाहिलेला नाही. लढाईत मजुरांच्या पलटणीबरोबर बसऱ्यास गेला आणि तीन वर्षांपूर्वी तिकडेच वारल्याचा सरकारी कागद आला. आधीची दोन पोरे दगावली म्हणून याचे नाव निंबा ठेवले होते. कडू नावाला मृत्यू तोंड लावत नाही म्हणतात. बसऱ्याच्या मृत्यूला खानदेशी रीत ठाऊक नसावी.

आज सकाळी घोड्यांवर राखेचा पहिला हात फिरला. नुसता रंग नाही. पूर्वेचे दार काढून तिथे विटा रचल्या, उत्तरेला बोळात नवे दार पाडले, आणि कडुनिंबही तोडला.

मी ओट्यावरून हाक मारली, "काय पाटील, स्टेशनमास्तर होणार की काय?"

"बठ्ठा गावनी लाया, मंग आम्ही बी लाई राहिनूत."

"सगळ्या गावानं लावला म्हणून तुम्ही, ते समजलं. पण दार का बुजवलंत?"

"ऊन भलतं येस, नाना."

"आणि झाड?"

"पाला पडस."

सौ. आतून म्हणाली, "ऊन येतं म्हणून झाड तोडणारा माणूस मी पहिलाच पाहिला."

पाटलीणबाई, भिकुबाई, तोडलेल्या फांद्यांजवळ बसून सारखे डोळे पुसत होत्या. चुन्याची फक्की गेली असणार. मी त्यांना डोळ्यांत तुपाचे बोट फिरवायला सांगितले. त्यांनी मान हलवली, पण उठल्या नाहीत.

१७ एप्रिल, रविवार

सौ.ला सगळे ठाऊक होते आणि चार दिवस ती माझी मजा पाहत होती.

पाटलांची विधवा सून पुष्पाबाई बावीस वर्षांची आहे. नवरा गेला तेव्हा माहेरी धाडली नाही. दोघांनी तिला लेकीसारखी ठेवली. चुडामण तिला सून म्हणतच नाहीत, "मनी आंडेर" म्हणतात. आंडेर म्हणजे मुलगी. आता तिचा पाट लावायचा ठरला आहे, यांच्याकडे विधवेच्या पुनर्विवाहाला तेच नाव. नवरदेव भडगावचा कौतिक, विधुर, कष्टाळू. तो इथेच राहायला येणार, शेती पाहणार. आखाजीची, म्हणजे अक्षय्यतृतीयेची, मृतांची घागर निंबाच्या नावाने एकदाची भरली, की नंतरच्या अंधाऱ्या पाखात पाट.

"यात रंगाचा काय संबंध?" मी विचारले.

"अहो, पहिला नवरा मागे येतो ना. बायको दुसऱ्याची झाली की मेलेला घर शोधत येतो, असं मानतात. म्हणून घराचं तोंड फिरवायचं. निळं घर, घोड्याचं दार, दारी निंब, एवढं त्याच्या लक्षात असणार. ते सगळं पुसलं."

मी पोट धरून हसलो. दाराची जागा बदलून भुताला चकवायचे! अविद्या खरी, पण तिच्यात शिस्त आहे. लेखात घालता येईल, अर्थात नाव न घेता.

सौ. हसली नाही. म्हणाली, "सारखं समोर बसून बघत जाऊ नका त्या भिंतीकडे. मला तिथे घोडे अजून दिसतात."

ओल्या चुन्यातून खालचा लाल रंग काही दिवस डोकावतोच. त्यात काही अद्भुत नाही, असे तिला समजावले.

२३ एप्रिल, शनिवार

गावात निंबा दिसू लागला आहे. म्हणजे भूत.

स्टेशनाजवळच्या विहिरीवर भर दुपारी भागाबाईला एक दाढीवाला, राखेच्या रंगाचा माणूस भेटला. पाणी मागितले आणि "वयखं का? मी निंबा," म्हणाला. भागाबाईने घागर टाकली ती थेट मारुतीच्या देवळात थांबली. दुसऱ्या दिवशी झुलाल राखेच्या ढिगावर असताना तोच माणूस जवळ येऊन त्याचे नाव घेऊन बोलला. झुलाल पाटी टाकून पळाला. आता गावभर सांगतो आहे, "मनं नाव त्याले कसं ठावं?"

संध्याकाळी पाटलांच्या नव्या दाराला लिंबू-मिरची. रंगाचा दुसरा हात घाईने सुरू आहे.

आमच्या लेखाला हा आयताच मसाला.

२६ एप्रिल, मंगळवार

आज दुपारी टळटळीत उन्हात, गल्लीत चिटपाखरू नसताना, एक परगावचा रंगारी आला होता.

मी ओट्यावर लिहीत बसलो होतो. तो पाटलांच्या भिंतीपुढे कितीतरी वेळ उभा. अंगात बटणे तुटलेला खाकी कोट, दाढी वाढलेली, पायांत काही नाही. भिंत जाणकाराच्या नजरेने पाहत होता. मग पुढे सरकला, पूर्वी जिथे दार होते तिथे पायरी चढावी तसा उजवा पाय उचलला, आणि विटांपुढे तसाच थांबला. ऊन लागले असावे.

मी म्हणालो, "काय रे, काम शोधतोस का? इथलं काम झुलालकडे आहे."

तो वळला. "नाना, ह्या घरनं दार कव्हय बदलं?"

"झाले बारा दिवस."

"कसाले?"

आणि मला विषय मिळाला. एवढी फुरसत असलेला श्रोता वार्ताहराला रोज सापडत नाही. करड्या रंगाची टूम, स्टेशनमास्तरचा बंगला, रतिलालशेठची कचेरी, सगळे त्याला सांगितले. मग आवाज उतरवून म्हटले, "खरी गंमत वेगळी आहे. यांचा मुलगा बसऱ्याला वारला. आता सुनेचा पाट आहे. मेलेल्यानं घर ओळखू नये म्हणून हा सगळा खटाटोप. भूत आलंच तर स्टेशनमास्तरचा बंगला समजून सलाम ठोकून परत जाईल!"

तो हसला नाही. रंगाऱ्यांना विनोद कळत नाही.

"पाट कोनाशी?"

"भडगावच्या कौतिकशी. माणूस चांगला आहे."

"चांगला शे का?" त्याने दोनदा विचारले. मी दोनदा हो म्हटले. मग त्याने भिंतीला तळहात लावला. रंग कच्चा होता, हाताला आला. तो हात तो बघतच राहिला. मालाची परीक्षा अशीच करतात वाटते.

"पानी भेटी का?"

मी तांब्या दिला. ओट्यावर ये म्हटले, तर नको म्हणाला. ओंजळीने प्यायला, तांब्यात उरलेले पाणी तोडलेल्या निंबाच्या खुंटावर ओतले, तांब्या पालथा ठेवला आणि बोळाकडे न जाता आल्या वाटेने गेला. मी मागून हाक मारून नाव विचारले. ऐकू गेले नसावे.

२ मे, सोमवार

लेख छापून आला. करड्या रंगाच्या बाजूने आणि विरुद्ध अशी मते दीड रकान्यात. उरलेला अर्धा रकाना भुताला. त्यातला युक्तिवाद मला स्वतःला आवडला. जे दिवसाढवळ्या दिसते, ज्याची सावली पडते, जे बोलते, ते भूत नव्हे. कारण भुताला देह नाही, आणि देहावाचून तहान नाही, सावली नाही, वाणी नाही. पाचोऱ्यात दिसलेल्यास ही सर्व लक्षणे होती. तस्मात् पाचोऱ्यात भूत नाही. इति.

सौ.ने दोनदा वाचला. म्हणाली, "बरोबर आहे. मग कोण होतं?"

"कोण म्हणजे?"

"काही नाही," म्हणाली, आणि अंक घेऊन समोरच्या घरी गेली.

५ मे, गुरुवार

आजचे लिहू नये असे वाटते. तरी लिहितो.

दुपारी पुष्पाबाई आमच्याकडे आली. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. ती माझ्याशी एरवी दारामागून बोलते. आज समोर बसली. सौ. तिच्या शेजारी.

"नाना, तुम्ही लिखेल शे, भूतले तहान लागत नही."

"लागत नाही."

"अक्का सांगतस, तुमनाकडे कोनी रंगारी पानी पिनं."

"हो. त्या दिवशी."

"उरेल पानी त्यानी कोठे टाकं?"

"कुठे म्हणजे... त्या खुंटावर."

तिने डोळे मिटले. मग सौ.ने हळूच सांगितले. निंबाच्या जन्मावेळी ते झाड लावले होते. भिकुबाईंनी मुलाला बोलता येण्याआधीपासून सवय लावली, पाणी प्यायचे की उरलेले झाडाला. लग्न झाल्यावर तो ते करी आणि हीसुद्धा करू लागली. गावात दुसरे कुणी करत नाही.

मी अर्ध्या रकान्यात जे सिद्ध केले होते त्याचे दुसरे टोक माझ्या हातात आयते होते आणि मी ते धरले नाही. धूर पाहिला, अग्नी नाही असेही दाखवून दिले, आणि वर खूश झालो.

त्याला मी काय काय सांगितले ते या वहीत वर लिहिलेले आहे. पुन्हा वाचवत नाही.

पुष्पाबाई उठताना म्हणाली, "नाना, हाऊ रंग मीच लावाले सांगं. सासरानी नही. कौतिकनं बोलनं उनं तव्हयपासून तो मना सपनमा ये. दारमा उभा ऱ्हाये, बोले नही. माले भ्याव वाटे." मग जरा थांबून, "त्याले धुंडा. सासरा-सासूले आते सांगू नका. पहिले माले सांगा, जित्ता शे का."

"आणि असला तर?"

तिने पदर आणखी पुढे ओढला आणि बाहेर पडली.

६ मे, शुक्रवार

स्टेशन, धर्मशाळा, जिनाचे आवार. कुणी पाहिले नाही म्हणतात. ज्यांनी पाहिले ते अंगारा लावून बसले आहेत. ज्या गावात एखाद्याने स्वतःचे नाव सांगितले की लोक पळतात, त्या गावात तो नाव सांगायचे सोडणारच.

८ मे, रविवार

सापडला. चार मैलांवर, जामनेरकडे जाणाऱ्या धाकट्या गाडीच्या रुळांवर खडी टाकणाऱ्या टोळीत. इतके दिवस चार मैलांवरच होता.

मला पाहून उठला. "या, नाना," म्हणाला, जणू मी यायचाच होतो. बाभळीच्या विरळ सावलीत बसलो. त्याने सांगितले ते असे: बसऱ्याच्या पलटणीत दोन निंबा होते, एक पारोळ्याकडचा. तापाच्या साथीत तो गेला आणि कागद याच्या नावाचा निघाला. हा तेव्हा दवाखान्यात बेशुद्ध. बरा झाल्यावर तिकडेच रुळांच्या कामावर आणखी दोन वर्षे. एक पत्र कुणाकडून लिहवून धाडले होते. ते पोचले नाही.

मी त्याची क्षमा मागितली. "तुम्हले काय ठावं?" म्हणाला. यापेक्षा शिवी दिली असती तर बरे होते.

मग मला जे येते ते मी केले. शास्त्र सांगितले. ज्याची और्ध्वदेहिके, म्हणजे मृत्यूनंतरची क्रियाकर्मे, झाली तो जिवंत परत आला तर त्याला तुपाच्या हौदात बुडवून काढावे, जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करावेत, नाव पुन्हा ठेवावे, आणि त्याच बायकोशी त्याचे पुन्हा लग्न लावावे. मार्ग आहे, म्हटले.

तो पहिल्यांदा हसला. "हौदभर तूप? मना बाप पंगतमा बोटभर वाढस, नाना!"

मीही हसलो. मग तो खडीचा एक दगड हातात फिरवत म्हणाला, "एक सांगा. दार भ्याईसन बुजं का नको म्हनीसन बुजं?"

भीतीचे पुष्पाबाई मला बोलली होती, पण ते त्याला तिच्याच तोंडून कळायला हवे होते. ज्या घराची मी गावभर थट्टा केली त्याच्या भिंतीमागे काय चालले आहे हे मी एकदाही विचारले नव्हते.

"तू ये आणि त्यांनाच विचार," एवढे म्हटले.

"नही. परवा आखाजी शे. मनी घागर भराई जाऊ द्या. एक डाव नीट मरी गया म्हंजे मी बी मोकया, ती बी मोकयी. टोळी पुढे जाई राहिनी, मी तिनासंगे जास. तुम्ही कोनले सांगू नका."

मी वचन दिले नाही. नाहीही म्हटले नाही. करड्या रंगाचा माणूस.

परत आल्यावर पुष्पाबाईला फक्त सांगितले, "जिवंत आहे. घागर भरली की जातो म्हणतो." ती धान्य निवडत होती, निवडतच राहिली.

९ मे, सोमवार

उद्याची घागर माझ्याकडेच यायची आहे. गेली दोन वर्षे येते. पाण्याची घागर, वर खरबूज, आंबा, सांजोऱ्या. ब्राह्मण शेजारी म्हणून मी ती घेतो, संकल्प सांगतो, मेलेल्याचे नाव उच्चारतो, आणि उन्हाळाभर त्याच घागरीचे गार पाणी आम्ही दोघे पितो. गेल्या वर्षी मी पाण्याची तारीफही केली होती.

सौ.ला विचारले, काय करू? म्हणाली, "मला कशाला विचारता? नाव तुम्ही घेणार आहात."

१० मे, मंगळवार. अक्षय्यतृतीया

गल्लीत झोक्यावर माहेरवाशिणींची गाणी चालली होती. मी उत्तरेच्या दाराने पाटलांकडे गेलो. आत सगळे मांडलेले. नवी घागर, तिला हळद-कुंकू, वर खरबूज. भिकुबाई भिंतीला टेकून बसलेल्या. आतूनही भिंत करडी केलेली. उन्हाची एक तिरीप नव्हती, भर दुपारी दिवा लावावा लागला. पुष्पाबाई चुलीपाशी, पाठमोरी.

चुडामणनी हातात पाणी घेतले. मी देश-काल सांगितला, तिथी सांगितली. मग नावाची जागा आली.

"ल्या, नाना," चुडामण म्हणाले.

मी तिथीच पुन्हा सांगितली. आयुष्यात प्रथमच. समोर ओंजळीतले पाणी गळत होते.

"नाना, नाव ल्या."

चुलीपाशी भाकरीचा आवाज थांबला. मी तिकडे पाहिले. पुष्पाबाई वळून माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली नाही. पण नजर काढून घेतली नाही.

मी म्हणालो, "पाटील, जिवंत माणसाची घागर मला घेता येत नाही."

नंतर कोण काय बोलले याचा क्रम मला नीट लावता येत नाही. चुडामणच्या ओंजळीतले पाणी सांडले. भिकुबाई एकदम पुढे सरकून माझा हात धरून विचारू लागल्या, "त्याना पाय देखात का तुम्ही? सुल्टा शेतस ना?" मी म्हटले, "सुलटे आहेत, वहिनी, आणि अनवाणी आहेत." त्यावर त्या माऊलीने जो हंबरडा फोडला, तो गल्लीतल्या गाण्यांवरून पार गेला.

चुडामण उठले. मला वाटले स्टेशनाकडे निघाले. ते गोठ्यात गेले आणि कुदळ घेऊन आले.

"पाटील, आधी त्याला आणा," मी म्हटले.

"कोठून आनू? ह्या दारवरतून?" त्यांनी उत्तरेच्या दाराकडे बोट केले. "हाई दार त्यानासाठी नही पाडेल."

सणाच्या दिवशी घराला कुदळ लावू नये असे मी एरवी सांगितले असते. म्हातारा विटा पाडत होता, आणि तिकडून झुलाल गवंडी, स्वतः रचलेली भिंत पडताना पाहून, न विचारता पहार घेऊन आला. भगदाड माणूसभर झाल्यावर चुडामण त्यातून बाहेर आले, डोक्याला पागोटे नाही, पायांत वहाणा नाहीत, आणि तडक रुळांच्या वाटेला लागले. मी छत्री घेऊन मागे. चार मैल त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "दुबया व्हयेल शे का?" वाळलाय का, म्हणून.

बापलेक भेटले तेव्हा मी बाभळीपाशीच थांबलो. ते मी लिहिणार नाही, इथेही नाही.

१२ मे, गुरुवार

कौतिक भडगावहून आला. कळल्यावर पळाला नाही, चिडला नाही. निंबाशेजारी ओट्यावर बसला. दोघांनी विड्या ओढल्या, कपाशीबद्दल बोलले. जाताना चुडामणला म्हणाला, "आबा, मी तोडत नही, जोडत बी नही. ती काय सांगस ते माले कयाडा." पुष्पाबाई बाहेर आली नाही.

निंबा घरात जात नाही. भगदाडाला अजून चौकट नाही, उंबरा नाही; तो तिथेच बसतो, पाय बाहेर, पाठ आत. फुटलेल्या कडेला करड्याखाली निळा दिसतो, निळ्याखाली आणखी जुना पिवळा. गल्लीतली माणसे येतात, दूर उभी राहून बघतात. भागाबाईने त्याची सावली पडते का ते सकाळी आणि दुपारी असे दोनदा तपासले. भिकुबाई दिवसभर त्याच्या पाठीवर हात ठेवून बसतात. रात्रीही झोपत नाहीत असे सौ. म्हणते, डोळा लागला की तो जाईल म्हणून.

शास्त्र माझ्याकडे आहे. पण पुष्पाबाईला त्यांनी तीन वर्षे आंडेर म्हटले आहे, आणि हा त्या घरचा मुलगा. या दोघांनी एकमेकांना आता काय म्हणायचे, हे कुठल्याच पोथीत मला सापडलेले नाही.

संपादकांचे कार्ड: करड्या घरांवरील लेख वाचकांस आवडला, आणखी मते पाठवावीत.

पाठवली नाहीत.

१४ मे, शनिवार

आज सकाळी ओट्यावर होतो. वहीत डोके घालून, पण ऐकत.

तीन दिवस पुष्पाबाई त्याचे ताट भगदाडात आणून ठेवते आणि वळून जाते. तो जेवतो, ताट पालथे घालतो. आज ताट ठेवून ती गेली नाही. आतल्या अंगाला उभी राहिली. त्याने दोन घास खाल्ले.

"मीठ बराबर शे का?" तिने विचारले.

तो चावायचा थांबला. मग म्हणाला, "मीठ नही शे."

"कालदिन?"

"काल बी नव्हतं."

"परवा?"

"परवा बी नही."

सौ. माझ्यामागे येऊन उभी होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला; मेलेल्याच्या नैवेद्यात मीठ घालत नाहीत, हे मला तिने सांगावे लागले नाही.

"मंग सांगं का नही?" पुष्पाबाईचा आवाज चढला. गल्लीतल्या दोन बाया थबकल्या. "तीन दिन अळनी खाई राहिना, तोंड नही का तुले?"

"माले वाटनं," निंबा म्हणाला, ताटाकडे बघत, "आते मनासाठी आठे असंच ऱ्हास."

ती आत गेली. आत काहीतरी पडले, बहुधा डबा. मग ती मूठ भरून बाहेर आली, भगदाडाच्या कडेला त्याच्यासमोर खाली बसली, आणि त्याच्या ताटाच्या डाव्या बाजूला मीठ वाढले. भलतेच वाढले. तिला ते कळत होते की नाही कोण जाणे. मूठ रिकामी झाली तरी हात तसाच ताटावर धरून बसली होती.

त्याने त्यातले चिमूटभर घेतले, भाजीत कालवले आणि खाऊ लागला. ती उठली नाही.